माझदा एमएक्स-५ घेताना १.५ लिटर की २.० लिटर, हे कसे ठरवावे

दोन आसनांची, मागच्या चाकांवर चालणारी, हलकी आणि परवडणारी स्पोर्ट्‌स कार म्हणून माझदा एमएक्स-५ जगभर ओळखली जाते. ती भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, त्यामुळे महाराष्ट्रात बसून तिचा विचार करणाऱ्यांना हा लेख केवळ माहितीपुरताच उपयोगी पडेल. मात्र ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना ही गाडी सेकंडहँड बाजारात सहज मिळते, स्टिअरिंगही आपल्या सवयीप्रमाणे उजवीकडेच असते, आणि गाडी पाहायला गेले की पहिला प्रश्न समोर येतो तो इंजिनाचा. २०१५ पासून विकल्या जात असलेल्या चौथ्या पिढीत १.५ लिटर आणि २.० लिटर अशी दोन पेट्रोल इंजिने आहेत. बाहेरून या गाड्या जवळजवळ सारख्याच दिसतात, पण चालवताना त्यांचा स्वभाव बराच वेगळा जाणवतो. केवळ आकडे पाहून ‘मोठे ते चांगले’ असा निर्णय घेतला, तर या गाडीच्या बाबतीत तो चुकण्याची शक्यता इतर कोणत्याही गाडीपेक्षा जास्त आहे. पुढील सर्व विवेचन सहा गिअरांच्या मॅन्युअल गाडीबद्दल आहे.

आधी गाडीचे वर्ष निश्चित करावे

इंजिनांची तुलना करण्यापूर्वी आपण कोणत्या वर्षाची गाडी घेणार आहोत हे ठरवणे अत्यंत आवश्यक आहे, कारण २०१८ च्या उत्तरार्धात २.० लिटर इंजिनात मोठा बदल झाला. त्यापूर्वीचे इंजिन १६० पीएस (अश्वशक्तीचे मेट्रिक एकक) शक्ती आणि २०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत असे आणि मिनिटाला ६,८०० फेऱ्यांपर्यंतच जात असे. नंतरच्या इंजिनात हलके पिस्टन आणि हलके कनेक्टिंग रॉड आले, हवा आत घेण्याची वाट रुंद झाली, शक्ती १८४ पीएसवर गेली आणि फेऱ्यांची मर्यादा ७,५०० झाली. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला आधी ७.३ सेकंद लागत, ते ६.५ सेकंदांवर आले. १.५ लिटर इंजिन मात्र पहिल्यापासून ७,५०० फेऱ्यांपर्यंत जाणारेच होते. त्याची शक्ती १३१ पीएस, टॉर्क १५० न्यूटन-मीटर आणि ताशी १०० किलोमीटरसाठी लागणारा वेळ ८.३ सेकंद. २०१८ च्या बदलात त्याला जेमतेम एका पीएसची भर मिळाली.

म्हणजे प्रत्यक्षात निवड दोन नव्हे, तीन गाड्यांमधून करायची असते. जुने २.० लिटर इंजिन खालच्या फेऱ्यांत जोरकस असले, तरी वर जाताना लवकर थांबते. हलक्या, चपळ गाडीत बसल्यावर इंजिनाने शेवटपर्यंत साथ द्यावी अशी जी अपेक्षा असते, ती १.५ लिटर अधिक चांगली पुरी करते, आणि म्हणूनच २०१५ ते २०१८ या काळातील गाड्यांमध्ये लहान इंजिनाची बाजू भक्कम आहे. २०१८ नंतर ती बाजू पुष्कळच कमकुवत होते, कारण नव्या २.० लिटरमध्ये जोर आणि फेऱ्या दोन्ही आहेत. विक्रेत्याला नक्की माहिती नसेल, तर २.० लिटर गाडीच्या फेऱ्यांच्या काट्याची लाल पट्टी कुठून सुरू होते ते पाहावे. शिवाय स्टिअरिंग पुढे-मागे सरकण्याची सोय २०१८ च्या बदलातच आली. त्याआधी ते फक्त वर-खाली होत असे. सहा फूट उंचीच्या चालकासाठी ही एकच गोष्ट इंजिनापेक्षा महत्त्वाची ठरू शकते, तेव्हा आधी आसनावर नीट बसून पाहावे आणि मगच पुढचा विचार करावा.

हा वाद नवा नाही. १९८९ साली आलेली पहिली पिढी १.६ लिटर इंजिनाची होती आणि १९९३ मध्ये जपानात १.८ लिटर आल्यावर शौकिनांमध्ये नेमकी हीच चर्चा सुरू झाली होती. मोठे इंजिन अधिक वेगवान आणि लहान इंजिन अधिक मोकळे, अशी विभागणी तेव्हाही केली जात असे.

मग आपले रस्ते कागदावर लिहून काढावेत

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. वर्षभरात आपण ही गाडी नेमकी कुठे चालवणार आहोत याची प्रामाणिक यादी करावी. रोज एम२५ किंवा एम४ मोटरवेने कामावर जाणे, रविवारी सकाळी गावाबाहेरच्या वळणांच्या रस्त्यावर फेरी, वर्षातून एखादी वेल्स किंवा लेक डिस्ट्रिक्टची सहल, असे जे असेल ते मैलांसह लिहावे.

आता या यादीकडे इंजिनाच्या नजरेने पाहावे. दोन्ही गाड्यांचे गिअरिंग जवळपास सारखे आहे आणि १.५ लिटर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्यांच्या मर्यादेपर्यंत नेली, तर वेग ताशी ६० मैलांच्या आसपास पोहोचतो. ब्रिटनमधील ग्रामीण एकपदरी-दुतर्फा रस्त्यांवर मोटारींसाठी राष्ट्रीय वेगमर्यादा हीच आहे. याचा सरळ अर्थ असा की कायद्याच्या चौकटीत राहून इंजिन पूर्ण ताणण्याची संधी आपल्याला फक्त पहिल्या दोन गिअरांत मिळते. १.५ लिटरमध्ये हा प्रवास अधिक वेळ चालतो, आवाज चढत जातो, पुढचा गिअर कधी टाकायचा याकडे लक्ष द्यावे लागते आणि चालकाला काम मिळते. १८४ पीएसच्या गाडीत तोच वेग इतक्या लवकर येतो की ॲक्सिलरेटर सोडण्याची वेळही लवकर येते. ज्याला गाडी चालवण्याच्या क्रियेतच आनंद वाटतो, त्याच्यासाठी कमी शक्ती ही उणीव ठरत नाही, हे माझे ठाम मत आहे.

याच्या उलट परिस्थितीही तितकीच खरी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अवजड ट्रकना अशा एकपदरी-दुतर्फा रस्त्यांवर ताशी ५० मैलांची मर्यादा आहे. अशा ट्रकच्या मागे सापडल्यावर, समोरचा रस्ता थोडाच वेळ मोकळा दिसत असताना ओव्हरटेक करायचा, तर १.५ लिटर गाडी थेट तिसऱ्या गिअरमध्ये आणावी लागते आणि तरीही जागा भरपूर आहे याची खात्री करूनच बाहेर पडावे लागते. २.० लिटरचा टॉर्क एक तृतीयांशाने जास्त असल्याने चौथ्या गिअरमध्येही पिकअप मिळतो आणि अंदाजाला थोडी सवलत राहते. दोघेजण आणि भरलेली डिकी घेऊन हार्डनॉट पाससारखा, साधारण तीन फुटांमागे एक फूट चढणारा घाट चढताना हाच फरक पुन्हा जाणवतो. मोटरवेवर दोन्ही गाड्यांना फेऱ्या सारख्याच लागतात, पण चढ आला की लहान इंजिनाला गिअर बदलावा लागतो. तेव्हा यादीतील निम्म्याहून अधिक मैल मोटरवेचे किंवा वर्दळीच्या ए-रस्त्यांचे (मोटरवेखालोखालच्या मुख्य रस्त्यांचे) असतील, तर २.० लिटरकडे झुकावे.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवाव्यात

शक्य असल्यास १.५ लिटर आधी चालवावी. मोठ्या इंजिनावरून उतरून लहान इंजिनात बसले, की पहिली काही मिनिटे ते मंद वाटते आणि तेवढ्यावरच अनेकांचा निर्णय होऊन जातो. प्रत्येक गाडीला किमान अर्धा तास द्यावा आणि मार्गात शहरातील रहदारी, एखादा चढ, ओबडधोबड रस्ता आणि थोडा मोटरवे असावा. निघण्यापूर्वी टायरमधील हवा तपासावी. या गाडीला चारही चाकांत २९ पीएसआय लागते. ती जास्त भरलेली असेल तर गाडी उगाच उडी मारते आणि त्याचा दोष आपण सस्पेन्शनला देतो.

चालवताना वेगाकडे न पाहता तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. इंजिन ४,००० फेऱ्यांच्या वर कसे वागते, वळणात शिरताना पुढचा भाग किती सहज वळतो, आणि खड्ड्यावरून जाताना धक्का कसा येतो. १.५ लिटर गाडी सुमारे २५ किलोने हलकी आहे आणि तिला १६ इंची चाके आहेत, तर २.० लिटरला १७ इंची. ब्रिटनमधील छोट्या रस्त्यांची अवस्था पाहता, थोडी उंच कड असलेला १६ इंची टायर रोजच्या वापरात अधिक सुखाचा वाटतो.

मात्र २.० लिटरच्या पारड्यात एक महत्त्वाची यांत्रिक गोष्ट पडते, ती म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजेच मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणाऱ्या यंत्रणेचा एक खास प्रकार. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या मॅन्युअल २.० लिटर गाड्यांना तो मिळतो, १.५ लिटरला मिळत नाही. वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूच्या मागच्या चाकावरचा भार कमी होतो. साधा डिफरन्शियल असेल तर ते चाक जागच्या जागी फिरू लागते आणि जोर वाया जातो, लिमिटेड-स्लिपमध्ये तो जोर बाहेरच्या चाकाकडे वळतो. ओल्या, घट्ट वळणांवर जाणकार चालकाला हा फरक कळतो. ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायला, जायचा विचार असेल, तर केवळ या एका कारणासाठीही २.० लिटर घ्यावी, आणि त्यातही स्पोर्ट श्रेणीतील बिल्स्टाइन कंपनीचे डॅम्पर (धक्के शोषणारे भाग) असलेली.

छताचा प्रश्न इंजिनापासून वेगळा ठेवावा. कापडी टपाची गाडी आणि आरएफ नावाची, विजेवर उघडणाऱ्या कडक छताची गाडी, अशा दोन्ही प्रकारांत दोन्ही इंजिने मिळतात. आरएफचे छत १३ सेकंदांत उघडते, पण त्या यंत्रणेचे वजन ४० ते ५० किलोंच्या घरात जाते आणि १.५ लिटरचा जो मुख्य गुण, तोच त्यात पातळ होतो. म्हणून आरएफ हवीच असेल, तर तिच्यासोबत २.० लिटर घेणे मला सयुक्तिक वाटते. जपानात माझदाने सुरुवातीला कापडी टपाला फक्त १.५ आणि आरएफला फक्त २.० लिटर दिले होते, तेही याच विचाराशी जुळणारे होते.

खर्चाचा हिशेब

इथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण फरक मध्यम आहे. विम्यात १.५ लिटर खालच्या गटात मोडते, पण प्रत्यक्ष हप्ता चालकाचे वय, पत्ता आणि नो-क्लेम वर्षे यांवर अधिक अवलंबून असतो. तेव्हा गाडी पाहायला जाण्यापूर्वी दोन्हींसाठी कोटेशन मागवावे, विशेषतः ब्रिटिश लायसन्स नुकतेच मिळालेले असेल तर. वाहनकरात एक बारकावा आहे. १ एप्रिल २०१७ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणानुसार कर लागतो आणि तिथे १.५ लिटर स्वस्त पडते. त्या तारखेनंतर नोंदलेल्या गाड्यांना पहिल्या वर्षानंतर दोन्ही इंजिनांसाठी कर सारखाच आहे. १७ इंची टायर थोडे महाग पडतात आणि पेट्रोलमधील फरक चालवण्याच्या पद्धतीत विरून जातो.

माझा कल

वळणांचे रस्ते, कापडी टप, आठवड्यातून एक-दोनदा वापर आणि २०१८ पूर्वीच्या गाडीइतकेच बजेट असेल, तर १.५ लिटर घ्यावी आणि मनात किंतु ठेवू नये. एकच गाडी घरात असेल, तीच रोज मोटरवेवर न्यायची असेल आणि नंतरच्या वर्षाची गाडी परवडत असेल, तर १८४ पीएसची २.० लिटर ही चौथ्या पिढीतील सर्वांत परिपूर्ण गाडी आहे. १६० पीएसची २.० लिटर वाईट मुळीच नाही, परंतु ती घेण्यामागे डिफरन्शियल किंवा ओव्हरटेकची सोय असे निश्चित कारण असावे.

गाडी तपासताना

इंजिन ठरल्यानंतर गाडीची अवस्था पाहणे उरते, आणि त्यात कुठलीही तडजोड करू नये. नोंदणी क्रमांक टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा (सक्तीच्या वार्षिक वाहन-तपासणीचा) सर्व इतिहास विनामूल्य पाहता येतो. मैलांचे आकडे दरवर्षी सुसंगत वाढत आहेत का आणि गंजाबद्दल शेरे आहेत का, हे घर सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. गाडीवर कर्ज बाकी नाही याची खात्री करावी आणि लॉगबुकवरील (गाडीच्या नोंदणीपत्रावरील) पत्ता विक्रेत्याच्या पत्त्याशी जुळतो का ते पाहावे.

इंजिन आधी गरम करून ठेवू नये, असे विक्रेत्याला कळवावे. थंड गाडीत दुसरा आणि तिसरा गिअर अडखळतो का, कर्रकर्र आवाज येतो का, हे लक्षपूर्वक ऐकावे. चौथ्या पिढीच्या सुरुवातीच्या काही २.० लिटर गाड्यांच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी आल्या होत्या आणि माझदाने पुढे त्यातील भाग सुधारले, त्यामुळे त्या वर्षांच्या गाडीत ही तपासणी टाळू नये. हिवाळ्यात ब्रिटनच्या रस्त्यांवर मीठ टाकले जाते, म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा आणि सस्पेन्शनचे सांधे पाहावेत. कापडी टप असेल तर घडीच्या जागी कापड घासून विरले आहे का ते पाहावे, आणि आसनांमागच्या गालिच्याला हात लावून ओल आहे का ते तपासावे, कारण टपावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की ते पाणी आत मुरते. मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले असावेत, लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असलेल्या गाडीत तर निश्चितच.

ठरवलेल्या इंजिनाची गाडी या तपासणीत उतरली नाही, तर विक्रेता किंमत कमी करतो म्हणून ती घेऊ नये, आणि शेजारी उभी असलेली दुसऱ्या इंजिनाची चकचकीत गाडी पाहून घाईने मत बदलू नये. ब्रिटनमध्ये उन्हाळा संपून ऑक्टोबर लागला की उघड्या टपाच्या गाड्यांची मागणी उतरते, त्यामुळे थांबायची तयारी असेल तर हव्या त्या इंजिनाची नीट राखलेली गाडी पाहायला तेच महिने निवडावेत.