हॉट टबचं पाणी: आधी अल्कलिनिटी, मग पीएच

टबचा पीएच सारखा वर-खाली होत असेल तर थेट पीएचच्या मागे लागू नका. आधी अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवण्याची पाण्याची क्षमता, ८० ते १२० पीपीएममध्ये (लिटरमागे मिलिग्रॅम) आणा. कमी असेल तर खायचा सोडा चालतो: १५०० लिटर पाण्यात २५ ग्रॅम टाकला की ती साधारण १० पीपीएमने वाढते. जेट चालू ठेवा, तासाभराने पुन्हा तपासा, मगच पीएच ७.२ ते ७.८ मध्ये बसवा. बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो, म्हणून टब वापरात नसताना हवेचे नॉब बंद ठेवा.

मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, किमान ३ पीपीएम हवं. उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त झालं असं नव्हे. बहुधा ते घामात अडकून निकामी झालेलं असतं. तेव्हा झाकण उघडं ठेवून शॉक द्या, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस. स्विमिंग पूलच्या ट्रायक्लोर गोळ्या इथे नकोतच, त्या फार आम्लधर्मी असतात.

बोअरवेलचं पाणी भरणार असाल तर हार्डनेस (पाण्यातल्या कॅल्शियमसारख्या क्षारांचं प्रमाण) आधी मोजा. २५० पीपीएमच्या वर गेला की हीटरवर क्षार चढू लागतात. फिल्टर दर आठवड्याला धुवा, पाणी तीन-चार महिन्यांनी पूर्ण बदला, वापर जास्त असेल तर त्याआधीच.