यूएसबीचा पंखा-दिवा संगणकावरून चालू-बंद कसा करावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर संध्याकाळी संगणक शटडाउन होतो, टेबलावरचा यूएसबी पंखा मात्र गरगरतच राहतो. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन जिवंत ठेवतो आणि बऱ्याच मदरबोर्डांवर यूएसबीला वीज तिथूनच मिळते. अडचण एवढीच असेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) 'ईआरपी' ही बंद संगणकाची स्टँडबाय वीज तोडणारी सेटिंग असल्यास ती चालू करा. खर्च शून्य.

संगणक चालू असताना पंखा हवा तेव्हा थांबवायचा असेल, तर पेनड्राइव्ह काढताना वापरतो त्या 'इजेक्ट'चा उपयोग नाही. साध्या पंख्याला डेटाच्या तारा नसतात. तो जोडलाय हे संगणकाला कळतच नाही. काही यूएसबी हबमध्ये (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) एकेका पोर्टची वीज सॉफ्टवेअरने तोडता येते, पण खोक्यावरून ते ओळखू येत नाही. त्यापेक्षा रिले, म्हणजे संगणकाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारं बटण, खात्रीचा.

त्यासाठी सीएच३४० चिप असलेलं एक चॅनलचं यूएसबी रिले मॉड्यूल, अर्ध्या मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल, मल्टिमीटर आणि इन्सुलेशन टेप घ्या.

केबल कशालाही न जोडता तिचं वरचं आवरण मधोमध ४-५ सेंटिमीटर उभं चिरा. आत लाल, काळी, हिरवी, पांढरी अशा चार तारा असतात. लाल ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची. स्वस्त केबलमध्ये रंगांवर विसंबू नका, मीटरने खात्री करा. मग फक्त लाल तार कापा, दोन्ही टोकं ५-६ मिलिमीटर सोला. एक टोक रिलेच्या 'कॉम' (सामाईक) स्क्रूमध्ये, दुसरं 'एनओ'मध्ये (एरवी तुटलेला संपर्क) घट्ट आवळा. 'एनसी'त (एरवी जोडलेला संपर्क) घातलंत तर सगळं उलटं चालेल. लालऐवजी काळी तोडण्याचा मोह नको: डेटावाल्या उपकरणात केबलच्या जाळीतून ग्राउंड जोडलेलंच राहू शकतं.

मॉड्यूल संगणकाला लावा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा (सिरियल पोर्ट; रिलेवरच्या 'कॉम'शी याचा संबंध नाही) नंबर दिसेल; नाही दिसला तर ड्रायव्हर टाका. लिनक्सवर परवानगी नाकारली, तर स्वतःला बहुधा सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या 'डायलआउट' गटात घालावं लागतं. पोर्टचा वेग (बॉड रेट) ९६०० ठेवा. या प्रकारच्या बहुतेक मॉड्यूलना चालू करण्यासाठी हेक्स (सोळा-आधारी) आकड्यांतले चार बाइट पाठवायचे: ए०, ०१, ०१, ए२. बंद करण्यासाठी ए०, ०१, ००, ए१. शेवटचा बाइट म्हणजे आधीच्या तिघांची बेरीज. इथे हमखास चूक होते ती ही, की आकडे अक्षरं म्हणून टाइप केले जातात. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये 'हेक्स' पर्याय निवडूनच पाठवा. 'टक्' आवाज आला की जमलं. वेळेनुसार बंद करायचं तर पायथनच्या दोन-चार ओळी टास्क शेड्युलरला जोडा.

आता विजेचा हिशेब. यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३ ची ९००. पंखा जास्त खात असेल तर एक्स्टेंशन संगणकाऐवजी मोबाइल चार्जरला लावा. रिलेचे संपर्क संगणकाच्या विजेपासून वेगळे असल्याने चालतं. हळदीची धूळ बसून पाती अडकली, तर मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून पाती पुसत राहा.

पेनड्राइव्ह, हार्डडिस्क यांना हे लावू नका; लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइली बिघडतात. रिलेवर '२५० व्होल्ट' छापलेलं असतं, तरी उघड्या बोर्डावर घरातली २३० व्होल्टची लाइन जोडू नका.