पिस्तुलाच्या बॅरलमधलं शिसं काढताय? या चुका टाळा

ठाणे काय नि वाशी काय, नव्या पोरांचं रडगाणं एकच, "दादा, ग्रुप पसरायला लागलाय, बॅरल गेलं वाटतं." ग्रुप म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका. अरे बॅरल एवढ्यात जात नाही, आत शिसं बसलंय. आधी मॅगझीन काढा, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, उघडून बघा, बोट घालून बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पुढचं.

डोक्यात जाणारी चूक नंबर एक, निळा पॅच, म्हणजे बॅरल पुसायचा कापडाचा तुकडा निळा निघणं. घोडबंदरचा एक मुलगा ऐन जुलैत .२२ बोअरचं पिस्तूल घेऊन आला. अमोनियावालं कॉपर सॉल्व्हंट, म्हणजे तांबं विरघळवणारं द्रव, रोज घालतोय, पॅच रोज निळा-हिरवा निघतोय, म्हणजे आत तांबं आहे असं समजून परत घालतोय. आता .२२ ची साधी गोळी म्हणजे नुसतं शिसं आणि वर मेणासारखं ल्युब्रिकंट, त्यात तांबं येणार कुठून? मी रॉड बघितला तर टोकाला पितळी जॅग (पॅच धरणारं टोक), ब्रश ब्राँझचा! सॉल्व्हंट त्यांचंच तांबं खात होतं. नायलॉनचा जॅग लावला, निळं बंद. शिशाला अमोनिया काहीच करत नाही, त्यामुळे चेंबरच्या पुढे राखाडी पट्टे जसेच्या तसे. वर हे महाशय सॉल्व्हंट रात्रभर आत ठेवून झोपायचे, आपल्याकडच्या पावसाळी हवेत, मग गंजाचे ठिपके आले ते वेगळेच.

शिसं घासूनच निघतं, बाटलीतून जादू येत नाही. मी पेनिट्रेटिंग ऑइल लावून चहा पिऊन येतो, मग मापाचा ब्राँझ ब्रश आरपार, मध्येच उलटा फिरवायचा नाही, मग पॅच. चिवट असेल तर जुन्या ब्रशला तांब्याच्या घासणीचे तार गुंडाळतो, पण आधी चुंबक लावून बघतो, कारण बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या लोखंडी घासण्या पण मिळतात. चिकटली की फेकून द्या, स्टील वूल तर नकोच.

दुसरी चूक, मझलकडून, म्हणजे बॅरलच्या पुढच्या तोंडाकडून, स्टीलचा रॉड खुपसणं. गोळी शेवटची सुटते ती क्राऊनवरून, म्हणजे त्या तोंडाच्या कडेवरून, तिथे एका बाजूला झीज झाली की ग्रुप कायमचा बिघडला. चेंबरकडून रॉड जात नसेल, बऱ्याच .२२ मध्ये जातच नाही, तर पुल-थ्रू केबल (पॅच किंवा ब्रश ओढायची लवचिक दोरी) चेंबरकडून घालून पुढे ओढा. वेळ जास्त लागतो. लागू दे, घाई असेल तर कॅरम खेळा.

व्हिनेगर-पेरॉक्साइडने शिसं विरघळवायचा व्हिडिओ मला पाठवू नका, त्यातून लेड ॲसिटेट बनतं, विषारी आहे. .३२ बोअरमध्ये जॅकेटवाल्या, म्हणजे शिशावर तांब्याचं कवच असलेल्या, गोळ्या मारून शिसं "उडवायचं" नाही, प्रेशर वाढतं. एअर पिस्तुलात ब्रश नको, सॉल्व्हंट नको, सफाईच्या फेल्टच्या (नमद्याच्या) गोळ्या बास.

काम खिडकी उघडून, ग्लोव्ह्ज घालून, आणि जेवायच्या टेबलावर अजिबात नाही. ठेवताना तेलाचा पातळ हात, रेंजवर जायच्या आधी कोरडा पॅच. साफ केल्यावर .२२ चे पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात, ल्युब्रिकंट परत बसेपर्यंत. तेवढ्यात घाबरून लगेच पुन्हा ब्रश काढणारे महाभाग पण आहेत आपल्याकडे.