रॅम किती घ्यायची ते दुकानात जायच्या आधी घरीच ठरवा

बारावीचा निकाल लागला की नातेवाईकांचे फोन सुरू होतात, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, ८ जीबी चालेल का १६ च घेऊ. मी आधी एकच विचारतो, एका वेळी काय काय उघडं असणार आहे? कारण रॅमचा हिशोब त्यावरच होतो, लॅपटॉप किती हजाराचा आहे त्यावर नाही.

एक घोळ आधी मिटवूया. ‘५१२ जीबी मेमरी आहे’ असं दुकानात सर्रास सांगतात, ते स्टोरेज असतं, म्हणजे फडताळ. रॅम म्हणजे ओटा, आत्ता स्वयंपाकाला जे लागतंय ते मांडायची जागा. ओटा भरला की विंडोज थोडं सामान उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागलं की परत आणतं, आणि डिस्क जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर या ने-आणीतच सगळा वेळ जातो.

आत्ता हातात कुठलाही विंडोजवाला कॉम्प्युटर असेल तर मोजून बघा. रोजचं सगळं उघडा, म्हणजे क्रोमचे नेहमीचे टॅब, एक्सेल, व्हॉट्सअॅप, मीटिंग असते तर झूम पण, आणि अर्धा तास काम झालं की कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे ‘इन यूज’ बघा आणि त्याच्या जवळच ‘कमिटेड’ (सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी) असतं तेही बघा, त्यात दोन आकडे असतात त्यातला पहिला. तो पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा बराच वर जात असेल आणि मशीन अडखळत असेल तर रॅम खरंच कमी पडतेय. ‘कॅश्ड’चा आकडा मोठा दिसला तर घाबरू नका, ती मोकळीच रॅम विंडोजने तात्पुरती कामाला लावलेली असते, गरज पडली की लगेच सोडतं.

आता आकडे. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते असं मायक्रोसॉफ्ट म्हणतं, पण ती फक्त इन्स्टॉल व्हायची अट समजा, ४ वर काम करायला कुणालाही सांगणार नाही. ऑनलाइन फॉर्म, वर्ड-एक्सेल, बँकेची कामं, थोडे टॅब एवढंच असेल तर ८ पुरते. इंजिनिअरिंगची मुलं, कोडिंग, फोटोशॉप आणि कोरल एकत्र उघडे ठेवणारे डीटीपीवाले, यांनी सरळ १६ घ्या. मोबाइल अॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ इम्युलेटरसकट, म्हणजे स्क्रीनवरच्या नकली फोनसकट चालवायचा तर १६ शिवाय रडगाणंच आहे. ३२ कुणाला, तर फोरके व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर) चालवणाऱ्यांना. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या एसएसडीत (न फिरणारी, हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) किंवा स्क्रीनमध्ये घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत.

आमच्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याला कुणीतरी ४ ची ८ करून दिली, फरक जवळपास शून्य. मी जाऊन बघितलं तर निम्मी रॅम मोकळी आणि डिस्क सतत १०० टक्के. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि मशीन पळायला लागलं. म्हणून मेमरी बघताना डिस्कचा आलेख पण बघाच, मला याचं फार वाईट वाटतं की लोकांचे पैसे चुकीच्या पार्टवर जातात.

लॅपटॉपचं अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच पातळ लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मॅकबुकची तर असतेच, नंतर एक जीबीसुद्धा वाढत नाही. घ्यायच्या आधी मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायची जागा, आहे का ते तपासा. स्लॉट नसेल आणि चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर आजची गरज ८ असली तरी १६ घ्या. रिकामा स्लॉट असेल तर ८ वर सुरुवात करायला हरकत नाही.

नंतर वाढवताना डीडीआर४ का डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) ते आधी बघा, दोन्हीची खाच वेगळ्या जागी असते, एकाची स्टिक म्हणजे पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही, जोर लावू नका. डेस्कटॉपची लांब आणि लॅपटॉपची आखूड स्टिक हेही वेगळं. आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर १६ ची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या, प्रोसेसर आणि रॅममधले दोन्ही चॅनल म्हणजे रस्ते वापरले जातात आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं त्यामुळे गेममध्ये फरक जाणवतो.

बसवून झालं की टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण आकडा दिसतोय का बघा, मग स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून एकदा चालवा, मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी होते, थोडा वेळ लागतो. एरर आली तर बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकान गाठा.