कास पठारावर हातात कॅमेरा धरून मॅक्रो: स्टॅबिलायझेशन किती कामाचं, कसं वापरायचं

सप्टेंबर लागला, साताऱ्याजवळचं कास पठार फुललं की साताऱ्यात कॅमेऱ्याच्या बॅगा बाहेर निघतात आणि एक प्रश्न हमखास येतो. मॅक्रोला, म्हणजे फुलाच्या अगदी जवळून फोटो घेताना, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) चालू ठेवायचं की बंद? कॅमेरा हातात असेल तर चालू ठेवा. मात्र त्याच्या भरवशावर शटर स्पीड (शटर उघडझाप होण्याचा वेग) खाली आणू नका. फुलाच्या जितकं जवळ जाल तितका त्याचा जोर कमी होतो. आणि पठारावर फोटो बिघडवणाऱ्या दोन मुख्य गोष्टींपुढे त्याचं काहीच चालत नाही: वारा, आणि आपलंच शरीर पुढे-मागे झुलणं.

जवळ गेल्यावर नेमकं काय बदलतं

अजिंक्यतारा किल्ल्यावरून सातारा शहराचा फोटो घेताना कॅमेरा किंचित कलला की फोटो हलतो, पण तो जागच्या जागी थोडासा सरकला तर कुणाला कळतही नाही. मॅक्रोत हे सरकणंच भोवतं. एकास एक प्रमाणात फुलाचा १ सेंमी भाग सेन्सरवरही (चित्र टिपणाऱ्या चिपवरही) १ सेंमी पडतो. शटर उघडं असताना कॅमेरा ०.१ मिमी सरकला तर चित्रही ०.१ मिमी सरकतं. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी) सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा असतो. म्हणजे जवळजवळ १७ पिक्सेलांचा फराटा. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचा चिकट केस त्यात पार पुसून जातो.

लेन्समधली साधी यंत्रणा फक्त कलणं ओळखते. कॅननने २००९ साली १०० मिमी एल मॅक्रो लेन्समध्ये सरकणं मोजणारा सेन्सरही घातला. तरी कंपनीचाच आकडा पाहा: लांबच्या विषयाला ४ स्टॉप (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येतं), अर्ध्या आकाराला (१ सेंमीचं चित्र सेन्सरवर अर्धा सेंमी) ३, एकास एकला २. तोही कंपनीचा आकडा, आपल्या हाताचा नव्हे. कॅमेऱ्याच्या बॉडीतलं पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन ऑलिंपसने २०१२ मध्ये आणलं, पुढे इतरांनीही. त्यात दोन्ही दिशांचं कलणं, गोल फिरणं आणि वर-खाली, डावी-उजवीकडे सरकणं सावरलं जातं. सहावी हालचाल, म्हणजे पुढे-मागे, यातलं काहीच सावरत नाही.

पहिली पायरी: घरीच तपासा

दहाची नोट भिंतीला सपाट चिकटवा. तिच्यावर नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारी सूक्ष्म अक्षरं छापलेली असतात, त्यांवर फोकस करा. कॅमेरा नोटेला समांतर हवा, नाहीतर फोकसच्या चुकीचं खापर हातावर फुटेल. १/२५०, १/१२५, १/६० आणि १/३० अशा प्रत्येक वेगाला दहा-दहा फोटो स्टॅबिलायझेशन चालू ठेवून घ्या, मग तेवढेच बंद करून. आधी अर्ध्या आकाराला, नंतर एकास एकला. संगणकावर पूर्ण मोठे करून दहातले किती वाचता येतात ते मोजा. ज्या वेगाला सात-आठ वाचता येतात तो तुमचा वेग. पठारावर त्याच्या खाली जायचं नाही.

जुनी मॅन्युअल लेन्स किंवा विद्युत संपर्क नसलेली स्वस्त एक्स्टेन्शन ट्यूब (जवळ जाता यावं म्हणून लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावत असाल तर मेनूत फोकल लेंग्थ स्वतः भरा. पण फूल किती अंतरावर आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही, त्यामुळे सरकण्याची भरपाई बहुधा होतच नाही.

दुसरी पायरी: गरजेपेक्षा जवळ जाऊ नका

तेरड्याला एकास एक लागतच नाही. पाव आकारात फूल छान बसतं. सीतेची आसवं या छोट्या जांभळ्या फुलांचा तुरा अर्ध्या आकारात येतो. गवती दवबिंदूच्या पानावर चिकटलेला किडा टिपायचा असेल तेव्हाच पूर्ण जवळ जा. फुल-फ्रेमवर एफ/८ ला (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा) एकास एक प्रमाणात जेमतेम १ मिमी खोली फोकसमध्ये राहते, अर्ध्या आकाराला जवळपास ३ मिमी. हातातल्या कॅमेऱ्यासाठी हा फरक कुठल्याही स्टॅबिलायझेशनपेक्षा मोठा आहे.

तिसरी पायरी: शरीर टेकवा

एक गुडघा खाली, दुसऱ्यावर डावं कोपर, डाव्या तळव्यावर लेन्सचा भार. कातळ असेल तर कॅमेऱ्याखाली धान्याची पिशवी ठेवा. साताऱ्यात कोरेगावचा वाघ्या घेवडा सहज मिळतो, तो भरला तरी चालेल; शिवण मात्र दुहेरी घाला, पठारावर परक्या बिया सांडणं बरं नाही. आणि हे सगळं पायवाटेवरूनच. चांगल्या कोनासाठी फुलांत आडवं पडणारे दिसतात, त्यांच्या फोटोंचं कौतुक करू नये.

चौथी पायरी: फोकस झुलण्यावर सोडा

आकार ठरला की लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका आणि रिंगला हात लावू नका. कमरेतून अगदी हळू पुढे झुका. व्ह्यूफाइंडरमध्ये पुंकेसर लख्ख होऊ लागला की बर्स्ट (एकापाठोपाठ एक फोटोंची मालिका) सोडा आणि झुकणं चालू ठेवा. पाच-सहा फोटोंत एक नेमका जमतो. स्टॅबिलायझेशनचा खरा फायदा मला इथे वाटतो: व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थरथरत नाही, त्यामुळे फोकस कधी आला ते डोळ्याला दिसतं. शटर अर्धं दाबून क्षणभर थांबा, यंत्रणा स्थिर होऊ द्या, मगच पूर्ण दाबा.

पाचवी पायरी: वाऱ्याचा बंदोबस्त

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, आणि कासही त्याच डोंगराळ भागात आहे. सकाळी लवकर पोचा. सोबत्याला छत्री वाऱ्याच्या बाजूला जमिनीलगत धरायला सांगा. पावसापेक्षा तिचा उपयोग इथे जास्त. गवताची पाती थांबली की दाबा. वेग १/२५० च्या वर ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० झाला तरी चालेल. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

कीटकांसाठी फ्लॅशच. कमी शक्तीवर त्याचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच असतो आणि तो हात, वारा, झुलणं सगळं गोठवतो. एफ/११, १/२००, आयएसओ २००, आणि फ्लॅशपुढे बटर पेपर. मग स्टॅबिलायझेशन फक्त व्ह्यूफाइंडरपुरतं उरतं.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच: अनेक फोनमध्ये मॅक्रो सुरू होताच अल्ट्रावाइड कॅमेरा लागतो आणि त्याला बहुधा ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन नसतं. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून घ्या आणि नंतर फोटोच्या कडा कापा.

शेवटची पायरी: बिघाड ओळखा

घरी आल्यावर फसलेले फोटो लगेच उडवू नका, आधी मोठे करून पाहा. फूल आणि शेजारचा कातळ एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसले तर हात सरकला, वेग वाढवा. कातळ स्वच्छ पण फूलच पुसट असेल तर वारा. सगळं स्वच्छ, पण पुंकेसराऐवजी मागची पाकळी फोकसमध्ये असेल तर तुम्ही पुढे-मागे झुललात; बर्स्ट लांबवा, किंवा आकार अर्ध्यावर आणा.