तीन हजार वेढे आणि एक पल्स

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये लागलो, तेव्हा चुंबकीय सेन्सर म्हणजे तीन पायांचा काळा आयसी, एवढीच माझी समजूत होती. पाच व्होल्ट द्यायचे, चुंबक समोर न्यायचं, आउटपुट बदलतं. कॉलेजच्या प्रोजेक्टलाही हाच, म्हणजे हॉल सेन्सर, लावला होता. पहिल्याच दिवशी वाइंडिंगवाल्या काकांनी रिफिलच्या तुकड्याएवढी एक वस्तू हातात दिली. दोन वायर बाहेर आलेल्या, बाकी काही नाही. मी विचारलं, याला सप्लाय कुठून द्यायचा? काका म्हणाले, "द्यायचाच नाही ना बे. हाच देते."

ती वीगँड तारेची कॉइल होती. पाण्याच्या मीटरमध्ये चक्री फिरते, तिच्यावर चुंबक असतं आणि ते जवळून गेलं की ही कॉइल स्वतःहून काही व्होल्टची पल्स देते. बॅटरी नको, सप्लाय नको. जॉन वीगँड या अमेरिकन माणसाने 1970 च्या दशकात या तारेचं पेटंट घेतलं. तार कोबाल्ट, लोखंड आणि व्हॅनेडियमची, जाडी पाव मिलिमीटर. तिला पिळे देऊन अशी घडवतात की बाहेरचं कवच चुंबकीयदृष्ट्या हट्टी होतं आणि आतला गाभा मऊ, म्हणजे दिशा सहज बदलणारा, राहतो. बाहेरचं क्षेत्र उलटं होत एका ठरावीक मर्यादेपुढे गेलं, की गाभ्याची दिशा एका झटक्यात पलटते. भोवतीच्या कॉइलमध्ये तेवढ्यात पल्स उठते, साधारण वीस मायक्रोसेकंदांची.

यातली खरी गंमत वेगाची आहे. दातेरी चाकासमोर चुंबक आणि कॉइल ठेवून जो साधा पिकअप बनवतात, त्याचं व्होल्टेज चाकाच्या वेगावर अवलंबून असतं. चाक हळू झालं की तो मुका. वीगँड तारेला वेगाशी देणंघेणं नाही. रात्री नळ थेंब थेंब गळत असला, चक्री मिनिटाला एकदा फिरत असली, तरी पल्स तेवढीच उंच येते. (नेटवर 'वीगँड' शोधाल तर दाराच्या कार्ड रीडरची वायरिंग आणि 26 बिटचा प्रोटोकॉल समोर येईल. पूर्वी त्या कार्डात हीच तार असायची, म्हणून नाव चिकटलं. आपल्या कामाचं त्यात काही नाही.)

माझी पहिली चूक अशी. चक्रीवर चार चुंबकं बसवायची होती. हॉल सेन्सरच्या सवयीने मी चारही चुंबकांचा उत्तर ध्रुव वर ठेवला. मल्टिमीटर लावला, चक्री फिरवली, शून्य. दिवसभर कॉइल बदलत बसलो. संध्याकाळी काका येऊन उभे राहिले. "काहून एवढा परेशान होऊन राहिला?" चक्री पाहिली आणि हसले. गाभा पलटायला क्षेत्राची दिशाच उलटी व्हावी लागते. सगळे ध्रुव एकाच बाजूला असले तर तार एकदा चुंबकित होऊन तशीच पडून राहते. एकाआड एक ध्रुव उलटे केले, तरी मल्टिमीटर शून्यावरच! वीस मायक्रोसेकंदांची पल्स मल्टिमीटरला दिसत नाही, हे मला तेव्हा सुचलंही नाही. ऑसिलोस्कोप सिंगल ट्रिगरवर, म्हणजे एकच पल्स पकडून थांबेल असा, टाकला तेव्हा कुठे पडद्यावर ती बारीक शेंडी दिसली. स्कोपवर पाहिल्याशिवाय कोणतीही कॉइल फेकायची नाही, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो.

लहान सेन्सर बनवणं म्हणजे मोठा कापून छोटा करणं, असं मला आधी वाटायचं. एका ग्राहकाच्या मीटरमध्ये जागा कमी होती. पंधरा मिलिमीटरची तार आठवर आणायची होती. मी पक्कडीने कापली. पल्स निम्म्याहूनही खाली आली. कारणं दोन. एक म्हणजे पक्कडीने टोकं चेपली गेली, आणि या तारेचा सगळा गुण तिच्या आतल्या ताणात असतो. वाकवली, चेपली, जास्त तापवली की गेली. दुसरं कारण भौतिकीतलं. कुठल्याही चुंबकित तुकड्याची टोकं आतल्या क्षेत्राला विरोध करतात. तुकडा लांब आणि बारीक असला तर टोकं दूर राहतात, विरोध कमी. पंधराला पाव म्हणजे लांबी-जाडीचं साठाचं गुणोत्तर, आठाला ते बत्तीसवर येतं. शेवटी तार नीट कापून दोन्ही टोकांना फेराइटचे छोटे मणी घातले. ते क्षेत्र गोळा करून तारेत नेतात आणि टोकांचा विरोधही कमी करतात. पल्स बरीच वर आली. पंधराची बरोबरी मात्र झाली नाही, आणि ग्राहकाला तसं सरळ सांगावं लागलं.

कॉइलचा हिशेब कागदावर करायला शिका. 47 गेजची एनॅमल वायर 0.05 मिलिमीटर जाडीची असते, तिचा रेझिस्टन्स मीटरला पावणेनऊ ओहम. सरासरी दोन मिलिमीटर व्यासावर तीन हजार वेढे म्हणजे जवळपास एकोणीस मीटर वायर, म्हणजे 165 ओहम. कॉइल मोजली आणि 185 आले, तर वाइंडिंग करताना वायर जास्त ताणली गेली आणि बारीक झाली. 140 आले तर वेढे आपसात शॉर्ट आहेत किंवा मोजायला चुकलात. एवढ्या एका आकड्यावरून काका सांगायचे की मशीनवर कोण बसलं होतं.

आता उन्हाळ्याची गोष्ट. एका साइटवरून तक्रार आली: दुपारी मीटर पाणी कमी मोजतो, संध्याकाळी बरोबर. आमच्या एसी रूममध्ये पंचवीस अंशांवर सगळे पीस पास होते. दिवस नवतपाचे. शेवटी मी मीटरच्या लोखंडी पेटीत थर्मामीटर ठेवून आलो. दीड वाजता 63 अंश. फेराइट चुंबकाचा जोर दर अंशाला सुमारे 0.2 टक्के उतरतो, थंड झालं की परत येतो. अडतीस अंशांच्या फरकाने साडेसात टक्के गेले. आमची चक्री आणि कॉइल यांच्यातलं अंतर आधीच काठावर होतं, त्यामुळे दुपारी काही फेऱ्यांत तार पलटायचीच नाही. सर्किटवाल्या पोरांनी तोवर फर्मवेअरच्या तीन आवृत्त्या बदलल्या होत्या. अंतर अर्धा मिलिमीटर कमी केलं, तक्रार बंद. आजही माझं म्हणणं असं की नागपुरात डिझाइन केलेला सेन्सर मे महिन्यात टिनाच्या छताखाली चालवून पाहिल्याशिवाय पाठवू नये.

आजूबाजूचं लोखंडही असंच छळतं. सेन्सरजवळ साधा लोखंडी स्क्रू लावला की क्षेत्र तिकडे वळतं. 304 स्टेनलेसचे स्क्रूही ठोकून-पिळून बनवताना थोडे चुंबकीय होतात, हे मला एका बॅचने शिकवलं. तेव्हापासून पितळ. आणि लोक मीटरला बाहेरून मोठं निओडिमियम चुंबक चिकटवतात, ते वेगळंच. तेवढ्या जोरापुढे चक्रीवरच्या चुंबकाचं काही चालत नाही, तार एकाच दिशेला अडकून बसते. त्यासाठी शेजारी एक हॉल सेन्सर ठेवून बाहेरचं क्षेत्र पकडायचं, म्हणजे माझा कॉलेजचा आयसी अगदीच वाया गेला नाही.

नव्याने शिकणाऱ्यांनी सुरुवात वीगँड तारेने करू नये. ती बर्डीच्या दुकानांत मागितली तर दुकानदार तुमच्याकडेच पाहतील. एक लोखंडी बोल्ट, मागे चुंबक, वर हजारेक वेढे आणि ड्रिल मशीनला लावलेलं दातेरी चाक, एवढ्यात पिकअप तयार होतो. वाइंडिंगची वायर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे उरलेली मिळते. दाते आणि बोल्ट यांच्यातलं अंतर एक मिलिमीटरवरून दोनवर न्या आणि व्होल्टेज किती पडतं ते लिहून ठेवा. मग तीच कॉइल, आत मऊ लोखंडाचा खिळा घालून, जुन्या ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरला जोडा आणि चुंबक हळूच जवळ आणा. स्पीकरमधून बारीक खसखस ऐकू येईल. लोखंडातले चुंबकीय भाग थोडे थोडे करून पलटल्याचा तो आवाज, 1919 मध्ये बार्कहाउझेनने ऐकलेला. वीगँड तारेत ही सगळी खसखस एकाच ठोक्यात होते. क्षेत्राची चित्रं काढायला एफईएमएम हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते द्विमितीयच आहे, पण समज यायला तेवढं खूप झालं.

मुलाखतीला येणारी बहुतेक पोरं मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड घेऊन येतात. मागच्या वर्षी वर्ध्याची एक मुलगी टिफिनच्या डब्यात हाताने गुंडाळलेली कॉइल घेऊन आली. वेढे किती, विचारलं. म्हणाली, "बाराशे मोजले होते सर, पण रेझिस्टन्सवरून साडेअकराशेच वाटून राहिले." काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला खुर्ची दिली.