क्लाउनफिशची जोडी लावताय? या चुका टाळा

"जोडीच आहे साहेब, बघा ना कसे एकत्र फिरतायत." दुकानदाराच्या या वाक्यावर मी दोन चांगले मोठे, साधारण तीन-तीन इंचाचे निमो (म्हणजे साधे केशरी-पांढरे क्लाउनफिश) घरी आणले. आता एवढ्याशा टाकीत तीस-चाळीस मासे कोंबले की सगळेच एकत्र फिरणार ना, जाणार कुठे? पण तेव्हा डोकं चाललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण हीटरच्या मागे वरच्या कोपऱ्यात दबून बसलेला, शेपटीच्या पार चिंध्या. चौथ्या दिवशी तो गेला.

दोन्ही माद्या होत्या, नक्की. क्लाउनमध्ये भानगड अशी आहे की मादी म्हणून कोणी जन्माला येतच नाही. लहानपणी कोणी धड नर नाही की मादी नाही, त्यातला सगळ्यात दांडगा मादी होतो, त्याच्या खालचा नर, आणि बाकीचे तसेच बारके राहतात. मादी मेली की नराची मादी होते आणि खालचा एक जण नर होतो. उलटं मात्र कधीच होत नाही, मादी झालेला परत नर होत नाही. म्हणून दोन सारखे मोठे मासे आणणं हीच पहिली आणि सगळ्यात महागडी चूक. दोन लहान पिल्लं घ्या, एक जरा मोठं एक बारकं, नाहीतर घरी मोठा असेल तर त्याच्या अर्ध्याहून लहान दुसरा आणा. जोडी विकत मिळेलच असं नाही, बहुतेक वेळा ती आपल्या टँकमध्येच जमते.

दुसरी चूक म्हणजे घाबरून मध्ये पडणं. बारका मासा मोठ्याच्या समोर अंग तिरकं करून थरथरायला लागला की लोकांना वाटतं फिट आली (मी पण जाळी घेऊन धावलो होतो). अहो तो शरण येतोय, "तूच मोठी" म्हणतोय, हे व्हायलाच हवं! थोडा पाठलाग, एखादी टोचणी पण चालते. पण तोंडात तोंड अडकवून ओढाओढ, पंख फाटणं, किंवा एकाला खायलाच न देणं हे दिसलं तर लगेच वेगळे करा. मी भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली नवीन आणून टँकच्या कडेला क्लिपने लावली, वर झाकण, कारण हे उडी मारतात. आणि त्यात मार खाणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला ठेवायचं! आठ-दहा दिवसांत बारका बाहेर रुळतो, मोठीचा मालकीहक्क जरा ढिला पडतो, मग सोडून बघा.

आता डॅमसेल, म्हणजे क्लाउनचेच छोटे, चिवट आणि भांडकुदळ भाऊबंद. "टँक सायकल करायला दोन निळे डॅमसेल टाका, मरत नाहीत" हा सल्ला अजून फिरतोय (सायकल म्हणजे नव्या टँकमध्ये माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार करणं). मरत नाहीत हे खरंय, पण पहिले आल्यामुळे अख्खा टँक त्यांच्या बापाचा होतो आणि नंतर येईल त्याला झोडपतात. काढायला गेलं तर दगडात घुसतात. माझा एक काढायला रविवारी रात्री अकरा वाजता सगळे दगड बादल्यांत काढावे लागले, बायको म्हणाली एवढा उत्साह माळा आवरायला दाखव. सायकल बाटलीतल्या अमोनियाने होते, आणि भांडकुदळ मासा नेहमी शेवटी टाकायचा. तरी नवीन मासा टाकायची वेळ आलीच तर आधी जुन्यांना पोटभर खायला द्या, दोन-चार दगड हलवा म्हणजे त्यांच्या हद्दी मोडतात, आणि लाइट बंद करून सोडा.

लपायला दगड हवेत म्हणून मालवणहून कोरल (प्रवाळ) उचलून आणू नका बरं का, रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल 1972 च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. कृत्रिम रॉक मिळतो, तो वापरा.

मरून क्लाउन (क्लाउनचीच दुसरी जात) आणि साधा निमो एकत्र नको, मरूनची मादी सहा इंचापर्यंत जाते आणि स्वभाव भयंकर. ड्वार्फ एंजल या दुसऱ्या छोट्या माशाचं लिंग उलट्या दिशेने बदलतं, मादीचा नर, पण तिथेही एक मोठा एक लहान हाच नियम.

अॅनिमोन, म्हणजे क्लाउन ज्याच्यात राहतात तो फुलासारखा समुद्री प्राणी, पण जोडीसाठी लागतंच असं नाही. नवीन टँकमध्ये तर टाकूच नका, सहा महिने तरी जाऊ द्या, नाहीतर ते भटकत भटकत पंपात जातं आणि त्याचा चिवडा झाला की पाणी पण खराब.

आमच्या आत्ताच्या जोडीसाठी मी कौलाचा मस्त तुकडा ठेवला होता, अंडी त्यावर घालतात म्हणून. त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, घातली पंपाच्या शेजारी काचेवर. नर दिवसभर पंखांनी वारा घालतो, आणि मादी माझ्या हाताला चावते, त्यामुळे तेवढी काच गेले चार महिने हिरवीगारच आहे.